न धावणाऱ्याला धाप लागत नाही

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी झालेल्या मुलाला आईवडील दवाखान्यात आणतात ते पायांसाठी. पोटऱ्या फुगलेल्या, चाल चवड्यांवरची, उठताना हात मांडीवर टेकलेले. नागपुरात मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स या सरकारी रुग्णालयांत विदर्भातून आणि पलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटकडून माणसं येतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो: चालेल ना? फुप्फुसाचं कोणी विचारत नाही.

साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो. दोष आईकडून येणाऱ्या एक्स गुणसूत्रावरच्या जनुकात असतो, पण सुमारे एकतृतीयांश मुलांत तो नव्यानेच उद्भवलेला असतो. आईला बोल लावणाऱ्या नातेवाइकांना हे जरूर ऐकवावं. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन नसल्याने स्नायू झिजतात, आणि श्वासपटल हाही स्नायूच आहे.

ही झीज लपून राहते. लहानपणी मूल वाढत असतं, म्हणून फुंकर मारायच्या टेस्टमधला लिटरचा आकडाही वाढतो आणि घरचे निर्धास्त होतात. समवयस्कांच्या तुलनेत टक्केवारी मात्र घसरत असते. दहा ते चौदाच्या दरम्यान लिटरचा आकडाही थांबतो आणि मग उतरू लागतो. टक्केवारी वर्षाला सरासरी पाच अंकांनी कमी होते. तोवर मुलगा व्हीलचेअरवर आलेला असतो. तो धावत नाही, जिना चढत नाही, मग धाप लागणार कशी? तक्रारी वेगळ्याच वाटेने येतात: सकाळी डोकं दुखणं, वर्गात पेंग, रात्री पुन्हा पुन्हा कूस बदलून मागणं. झोपेत श्वास उथळ होऊन कार्बन डायऑक्साइड साचतो, त्याच्या या खुणा. घरात त्यांना अभ्यासाचा कंटाळा म्हणतात.

म्हणून पाच-सहा वर्षांपासून दरवर्षी स्पायरोमेट्री, म्हणजे ही फुंकरीची टेस्ट, हवी. उभं राहता न येणाऱ्याची उंची हाताच्या लांबीवरून काढतात; ती अंदाजाने लिहिली तर टक्केवारीच चुकते. खोकल्याचा जोरही मोजावा. मोठ्या मुलात तो मिनिटाला २७० लिटरच्या खाली गेला, की साधी सर्दी न्यूमोनियापर्यंत पोचू शकते. त्यावर उपाय म्हणून हाताने दाबायच्या अंबू बॅगने श्वासावर श्वास भरून खोकायला लावणं, हे घरच्यांना शिकता येतं. फुप्फुसाची क्षमता निम्म्यावर आली, की रात्री मास्कमधून श्वास देणाऱ्या बायपॅप मशीनचा विचार सुरू व्हावा. मशीन न लावता नुसता ऑक्सिजन देणं धोक्याचं: ऑक्सिजनचा आकडा छान दिसतो, कार्बन डायऑक्साइड मात्र आतल्या आत चढत राहतो.

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या नोंदींत १९६०च्या दशकात ही मुलं सरासरी १४.४ वर्षं जगत. १९९० नंतर श्वासयंत्र मिळालेल्यांचं सरासरी आयुष्य २५.३ वर्षं झालं. जनुक दुरुस्त न करता मिळालेली ही वर्षं आहेत. आपल्याकडे चर्चा रंगते ती २०२३मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या, ३२ लाख डॉलरच्या जनुकोपचाराची. केंद्राच्या दुर्मीळ आजार धोरणातली मदत ५० लाख रुपयांपर्यंतची, आणि २०२५मध्ये त्या उपचारानंतर यकृत निकामी होऊन चालता न येणारी मुलं दगावली. आशा सोडू नये. पण फुंकरीची टेस्ट तिच्या भरवशावर का राहावी?

खरी अडचण वयाची आहे. अनेक सरकारी रुग्णालयांत बालरोग विभागाची हद्द बाराच्या आसपास संपते, म्हणजे नेमकी फुप्फुसं उतरणीला लागतात तेव्हा. फाइल मेडिसिनकडे जाते, तिथून छातीरोगाकडे, तिथून फिजिओथेरपीकडे. व्हीलचेअर ढकलत तीन खिडक्यांवर तीन तारखा घेणारा बाप चौथ्या वेळी येतोच असं नाही.