दगडीपाला आणि न थांबणारे रक्त



भातकापणीत विळा बोटाला लागला, की पाड्यावरची बाई दवाखाना शोधत नाही. बांधावरचा दगडीपाला खुडते, तळहातावर चोळते, रस जखमेवर पिळते आणि चोथा वर दाबून धरते. थोड्या वेळात रक्त थांबते. लहानपणी गुडघा फुटल्यावर आपल्यापैकीही अनेकांनी हेच केले असेल.

यालाच एकदांडी किंवा कंबरमोडी म्हणतात. पाने खरखरीत, लांब दांडीच्या टोकाला एकच फूल, मध्ये पिवळे, कडेला पांढुरके. गंमत अशी, की ही वनस्पती मूळची अमेरिकेची! इथे येऊन रुजली आणि आपल्या लोकांनी तिचा गुण ओळखला. त्याआधीपासूनची औषधे म्हणजे खैराचा कात, बाभळीची साल, पळसाचा लाल डिंक. ही सगळी तुरट. कात चघळल्यावर तोंड आवळते ना, तसेच काहीसे जखमेवर घडते. तुरट द्रव्यामुळे वरचा थर आकसतो. अर्थात दाबून धरण्याचा वाटाही मोठा आहे, हे विसरू नये.

पाला मात्र स्वच्छ पाण्याने धुतलेला हवा. मातीतून धनुर्वाताचे जंतू जखमेत जातात, म्हणून रक्त थांबले तरी इंजेक्शनची चौकशी करावीच. जखम खोल असेल, रक्त उसळत असेल, तर स्वच्छ कापड घट्ट दाबून थेट दवाखाना गाठावा.

खरा धोका सापाच्या दंशात आहे. फुरसे हातभर लांबीचे, पण त्याच्या आणि घोणसाच्या विषाने रक्त गोठण्याची शक्तीच संपते. हिरड्यांतून रक्त येते, लघवी लाल होते. इथे कोणताही पाला चालत नाही, कारण बिघाड जखमेत नसून रक्तात असतो. डॉक्टर थोडे रक्त कोरड्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटे स्थिर ठेवतात. तरीही ते पातळच राहिले, तर रक्तात विष भिनल्याची ती खूण. यावर प्रतिविष हेच औषध. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच लस चालते.

आपण पाड्यांवर जाता तेव्हा एवढे जरूर सांगा: साप चावला तर दोरी आवळू नका, चिरा देऊ नका, पाला वाटत बसू नका. हातपाय न हलवता माणसाला उचलून गाडीत घाला.