हे आपल्याकडे आहे ना?

तेच पुस्तक पुन्हा विकत घेणं, वाचलेलंच पुन्हा वाचायला घेणं... हसू येतं खरं. पण आईला यायचं थांबलं, तेव्हा मी जरा नीट विचार केला.

माझ्या घरात ‘रणांगण’ तीन आहेत. विश्राम बेडेकरांचं. एक फोर्टात फुटपाथवर घेतलेलं, एक मुलुंडच्या पुस्तक प्रदर्शनात आणि तिसरं मागच्या दिवाळीत अंधेरीला, ऑफिसमधून परतताना. तिसरं घेतलं तेव्हा काउंटरवरच्या मुलाला मी वर ऐकवलंही, ‘कित्ती दिवस शोधत होते हो हे!’ घरी येऊन पिशवी रिकामी केली. नवरा काही बोलला नाही. कपाटाच्या पुढच्या रांगेतून त्याने एक काढलं, मागच्या रांगेतून दुसरं काढलं आणि तिन्ही टीपॉयवर पत्ते मांडावेत तशी मांडली. ‘तीन राण्या झाल्या,’ म्हणाला. ‘आता एक्का कधी आणतेस?’

खरी लाजेची गोष्ट पुढेच आहे. तिन्हींपैकी एकही मी वाचलेलं नव्हतं!

म्हणजे मला माहीत सगळं होतं. १९३९ सालची कादंबरी, युरोपातून निघालेलं जहाज, चक्रधर, हॅर्टा. कॉलेजातल्या नोट्स, मैत्रिणींच्या गप्पा, कुठेकुठे वाचलेले लेख. पुस्तकाबद्दल इतकं ऐकलेलं असतं, की ते आपल्या ओळखीतलंच वाटायला लागतं. मग पुन्हा विकत का घेतलं? यावर मी बराच विचार केलाय (मेट्रोत दुसरं करायला काय असतं?) आणि माझं उत्तर असं आहे: घेतल्याची आठवण राहत नाही, घ्यायचंय याची राहते. ‘रणांगण वाचायचंय’ ही मनातली चिठ्ठी पैसे दिले म्हणून फाडली जात नाही. ती फक्त वाचल्यावर फाटते. तोपर्यंत दुकानात ते कव्हर दिसलं की हात जाणारच.

त्यात आमची मुंबईतली घरं. मुलुंडला आमचा वन बीएचके, त्यात पुस्तकांचं एक कपाट आणि त्यात दोन रांगा, एकीमागे एक. मागच्या रांगेत गेलेलं पुस्तक म्हणजे बदली होऊन गडचिरोलीला गेलेल्या माणसासारखं. आहे नोकरीवरच, पण दिसत नाही. शिवाय नवरा बोरिवलीहून स्वतःची पुस्तकं घेऊन आला (हुंडा म्हणून नव्हे, सासूबाईंना घरात जागा हवी होती म्हणून). ‘कोसला’ दोन झाले, ‘बनगरवाडी’ दोन झाल्या, ‘व्यक्ती आणि वल्ली’ दोन झाले. ठरलं होतं, प्रत्येकातली एकेक प्रत देऊन टाकायची. पण कोणाची? त्याच्या ‘कोसला’त हॉस्टेलच्या मेसचं बिल आहे, माझ्या ‘कोसला’त कडेला कॉलेजच्या वयातले अतिशहाणे शेरे आहेत. लग्नाला नऊ वर्षं झाली, दोन्ही अजून शेजारीशेजारी उभे आहेत.

काही वेळा मात्र दोष आपला नसतो, हेही सांगून टाकते. अगाथा ख्रिस्तीची ‘मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस’ (१९३४) अमेरिकेत ‘मर्डर इन द कॅले कोच’ या नावाने आली होती. तिचीच ‘लॉर्ड एजवेअर डाइज’ तिकडे ‘थर्टीन अॅट डिनर’ झाली. फुटपाथवर दोन्ही देशांचे पेपरबॅक एकाच ढिगात पडलेले असतात. आपण नवं मिळालं म्हणून खुशीत उचलतो आणि विसाव्या पानावर लक्षात येतं, अरे, याला तर आपण ओळखतो! मराठीत अनुवादाची गंमत. माझ्या एका कलीगने पियर्स पॉल रीडचं ‘अलाइव्ह’ वाचलेलं होतं, तरी रवींद्र गुर्जरांचं ‘सत्तर दिवस’ घेतलं. अँडीजमध्ये विमान कोसळेपर्यंत पत्ता नाही.

आणि सेल! फोर्टातलं स्ट्रँड बुक स्टॉल १९४८ साली टी. एन. शानभागांनी सुरू केलं आणि २०१८ च्या फेब्रुवारीत ते बंद झालं. पण त्यांचा सुंदराबाई हॉलमधला सेल ज्यांनी पाहिलाय त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. आधी पिशवी भरायची, घरी जाऊन मग बघायचं. माझ्याकडची निम्मी डुप्लिकेट तिथली आहेत. आता किलोवर किंवा खोकं भरून पुस्तकं विकतात, तिथेही तेच. खोक्यात जागा उरलीय म्हणून घेतलेलं पुस्तक कशाला लक्षात राहील?

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. आता आईचं सांगते.

आई अडुसष्ट वर्षांची आहे. बँकेतून रिटायर झालेली, मुलुंडलाच आमच्यापासून दहा मिनिटांवर राहते आणि घराजवळच्या वाचनालयाची तीस वर्षांची मेंबर आहे. आठवड्याला दोन पुस्तकं, वर्षाला साधारण शंभर. एवढ्यांचा हिशेब ठेवायची तिची एक पद्धत आहे. पुस्तक वाचून झालं की पान ४१ उघडायचं आणि आकड्याखाली पेन्सिलीने बारीक ठिपका द्यायचा. ४१ का? लग्नानंतर घाटकोपरच्या चाळीत ते राहायचे त्या खोलीचा नंबर. वाचनालयात गेली की कपाटापाशी उभ्या उभ्या पान ४१ बघायचं. ठिपका असेल तर पुस्तक परत जागेवर. (ग्रंथपालांनी क्षमा करावी.) हे शिकली ती आजीकडून. आजी रहस्यकथांची भक्त. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पुढे गुरुनाथ नाईकांनीही हजारावर. वाचणाऱ्या बाईने बिचारीने लक्षात तरी किती ठेवायच्या? आई सांगते, एकेका पुस्तकात पाच-सहा बायकांच्या खुणा असायच्या. कोणाची फुली, कोणाचा गोल, कोणाचं नुसतं दुमडलेलं कोपर.

मागच्या पावसाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वाचनालयाची खेप माझ्याकडे आली. मी काही पान ४१ बघितलं नाही. एक जाडशी कादंबरी उचलली, बऱ्या लेखकाची (नाव छापू नकोस, अशी आईची सक्त ताकीद). आईला आवडली. चहा थंड होईपर्यंत वाचत होती म्हणे. आणि पान ४१ वर तिचाच ठिपका.

तिला चाळीस पानांतलं एक वाक्यही ओळखीचं वाटलं नव्हतं. ती पुढे वाचत राहिली, आता कुठेतरी आठवेल म्हणून. शेवटच्या पानापर्यंत काही आठवलं नाही. खुनाचा उलगडासुद्धा नवाच.

चार दिवस ती कोणाला काही बोलली नाही. पाचव्या दिवशी मला फोन. ‘अगं, मला काहीतरी होतंय.’

आमच्या मावशीला डिमेन्शिया होता. सुरुवात अशीच झाली होती, असं आईचं म्हणणं. मावशी वाचत नसे. पण गॅस चालू राहायला लागला, मग मला माझ्या बहिणीच्या नावाने हाका, मग एक दिवस भाजी आणायला गेलेली मावशी संध्याकाळपर्यंत घरी नाही. आईने हे सगळं जवळून केलंय. त्यामुळे त्या चार दिवसांत ती स्वतःच्या परीक्षा घेत होती. कामवालीचे खाडे, भावंडांचे वाढदिवस, बँकेतल्या जुन्या सायबांची आडनावं. ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. मी तिच्यासमोर बसून माझी तीन ‘रणांगण’ं सांगितली. तिला हसू आलं नाही. ‘तू वाचलेलंच नाहीयेस,’ म्हणाली. ‘मी वाचलंय. त्यात फरक आहे.’

फरक आहेच. म्हणून डॉक्टरांकडे गेलो. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी नेहमीचे प्रश्न विचारले: आज तारीख काय, वार काय, तीन वस्तूंची नावं सांगतो ती थोड्या वेळाने परत सांगा, शंभरातून सात वजा करत या. आई त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी करत थेट दोनपर्यंत जाऊन थांबली. डॉक्टरांनीच हात वर केले. (मी मनातल्या मनात पासष्टवर अडकले होते.) मग ते म्हणाले, गोष्ट विसरणं आणि गोष्ट कळेनाशी होणं वेगळं. ओळखीच्या रस्त्यावर चुकायला होतंय का, तोच प्रश्न दिवसभर पुन्हा पुन्हा विचारला जातोय का, पैशांचा व्यवहार जमेनासा झालाय का, हे बघा. तसं काही दिसलं तर लगेच या. आणि सहा महिन्यांनी एकदा या, नाही दिसलं तरी.

उरलेलं काम वाचनालयातल्या बाईंनी केलं. कॉम्प्युटरवर बघून सांगितलं, हे पुस्तक तुम्ही २०११ मध्ये नेलं होतं. त्यानंतर आईच्या हाताखालून हजारावर पुस्तकं गेली आहेत. आई तिथेच स्टुलावर बसली आणि म्हणाली, ‘हजारात एक. बँकेत एवढी चूक चालली नसती.’ पण आवाज सुटला होता.

विसरण्याचा हिशेब पहिल्यांदा पद्धतशीर मांडला तो हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने, १८८५ मध्ये. निरर्थक अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ करायच्या आणि किती तासांनी किती उडालं ते मोजायचं. सर्वांत मोठी गळती पहिल्या काही तासांतच होते, नंतर वेग मंदावतो, आणि मधूनमधून उजळणी केली तर कमी गळतं. आपण पुस्तक मिटतो आणि लगेच दुसरं उघडतो, मग उजळणी कधी होणार? त्याच्याही तीनशे वर्षं आधी मॉन्तेन हा फ्रेंच निबंधकार या दुखण्याने वैतागला होता. आपण पूर्वी नीट वाचून कडेला टिपणं केलेली पुस्तकं नवीन म्हणून हातात घेतो, हे लक्षात आल्यावर तो पुस्तकाच्या शेवटी वाचून संपवल्याची तारीख आणि दोन-चार ओळींत आपलं मत लिहून ठेवायला लागला. आईला हे सांगितलं. तिचं मत: ‘ठिपका सोपा. पण तारीख हवी, हे बरोबर.’

आमच्याकडे नवऱ्याने यावर अॅप आणलं. बारकोड स्कॅन करा, पुस्तक यादीत. इंग्रजी पुस्तकं धडाधड गेली. मराठी जुन्या पुस्तकांवर बारकोडच नाही, आयएसबीएन नाही. हाताने टाइप करायला बसलो तर ‘रणांगण’चं स्पेलिंग त्याने एक केलं, मी एक. अॅपच्या मते आता आमच्याकडे दोन वेगवेगळ्या कादंबऱ्या आहेत. शेवटी मी दर दोन महिन्यांनी कपाटाच्या दोन्ही रांगांचे फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवते. प्रदर्शनात शिरण्याआधी झूम करून बघायचं. रोमँटिक नाही, पण चालतं. डोंबिवलीला पै फ्रेंड्स लायब्ररीच्या पुस्तक आदानप्रदानाला सात डुप्लिकेट देऊन सात नवी आणली, तेव्हा फोन चार्ज नव्हता. त्यातलं एक घरी होतंच.

‘रणांगण’ मात्र वाचलं. सहा दिवस, घाटकोपर ते चकाला, येता-जाता. मेट्रोत साकीनाक्याला गर्दी हलली की एक परिच्छेद पुन्हा वाचावा लागायचा, कदाचित म्हणूनच जास्त लक्षात राहिलं. संपल्यावर पान ४१ वर ठिपका दिला आणि तारीख घातली. दुसरी प्रत आईला नेऊन दिली. ‘हे मी कॉलेजात असताना वाचलंय,’ म्हणाली, आणि चष्मा लावून वाचायला बसली.

ती जाड कादंबरीही वाचनालयात परत गेली. पान ४१ वर आता दोन ठिपके आहेत.

‘रणांगण’ची तिसरी प्रत अजून टीपॉयवर पडून आहे. कोणाला हवी असेल तर जरूर घेऊन जा. फक्त येण्याआधी तुमच्या कपाटाची मागची रांग एकदा बघून या.