शिवेपर्यंतचा सोबती

रात्री-अपरात्री एकट्याने वाट तुडवणाऱ्याला गोव्याच्या पेडणे महालातली जुनी माणसे धीर देत, ‘राखणदार आसा.’ खांद्यावर कांबळे, हातात दांडा आणि पेटती चूड, पायांत जाड वहाणा. असा तो वाटसरूच्या मागे-पुढे चालतो, चुकलेल्याला वाटेला लावतो आणि गावची शीव आली की थांबतो, अशी इथली श्रद्धा. पुढची राखण पुढच्या गावच्या राखणदाराची.

‘राखण’ हा शब्दच पाहा: शेताची राखण होते, गुरे वळणारा तो राखणो, आणि गावाच्या रक्षकाला वर्षाकाठी जे द्यायचे तीही ‘राखण’च. रोट, केळी, विडी, दारू, कुठे कोंबडा. रक्षण आणि त्याचा मोबदला एकाच शब्दात बांधले आहेत, म्हणून मला या श्रद्धेत भीतीपेक्षा करार अधिक दिसतो. गावाने मान चुकवायचा नाही, त्याने माणूस चुकू द्यायचा नाही. गाऱ्हाणे घालणारा हा करार साऱ्या गावाच्या वतीने उच्चारतो आणि जमलेले ‘होय म्हाराजा’ म्हणून त्याला दुजोरा देतात.

तेरेखोल नदीपलीकडे, वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा हा याच कुळातला. भक्त त्याला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. देव रात्रभर फिरतो, त्यामुळे वहाणा झिजतात, अशी समजूत आहे. देवाचे पायताण झिजते असे मानण्यात केवढी आपुलकी आहे!

राखणदाराचे दुसरे नाव देवचार. डिचोली तालुक्यातल्या साळ गावी शिमग्याच्या रात्री गडे म्हणवणारे भक्त अंधारात धावतात, तेव्हा दूर दिसणाऱ्या ज्योती देवचाराच्याच मानतात. ख्रिस्ती कोकणीत मात्र हाच शब्द सैतानासाठी वापरतात. याचे कारण इतिहासात आहे. तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे महाल पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात घेतले, देवळे पाडली आणि धर्मोपदेशकांनी गावच्या रक्षकाचे नाव नरकाच्या धन्याला दिले. पेडणे त्यांच्याकडे गेले ते 1788 साली. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि नव्या काबिजादीतली, म्हणजे मागाहून घेतलेल्या महालांतली, देवळे शाबूत राहिली. शब्दाचा मूळ अर्थही इथे तसाच टिकला.

देवचाराची जागा सहसा मोक्याची असते. शीव, घाटी, वडाचे झाड, पाण्याची झर, खाजन शेतीतली मानस. भरतीचे खारे पाणी शेतात शिरू न देणारी ही मानस फुटली तर अख्ख्या खाजनाचे पीक जाते. जिथे एका माणसाच्या हयगयीने सगळ्यांचे नुकसान होईल तिथे पूर्वजांनी राखणदार बसवला, असे मला ठामपणे वाटते. ही शहाणीव आहे, तिला अंधश्रद्धा म्हणून झटकता येणार नाही.

आज पेडण्यातल्याच मोपाच्या सड्यावरून विमाने उडतात. 5 जानेवारी 2023 पासून तिथला विमानतळ प्रवाशांसाठी सुरू झाला. महामार्ग रुंद झाला, जुन्या पाणंदी मोडल्या. रात्री पायी जाणारा उरला नाही, तसा सोबत्याचा आठवही पुसट होतो आहे. घरच्या आजी-आजोबांना या दिवाळीत विचारा. आपल्या गावचा राखणदार कुठे बसतो, त्याची शीव कुठून कुठवर, त्याला काय देतात आणि गाऱ्हाणे कोणत्या शब्दांत घालतात. ते त्यांच्याच बोलीत लिहून ठेवा.