एमडी ॲरेवर पार्टिशन: काय खरं, काय ऐकीव

लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडबद्दल, म्हणजे एमडीबद्दल, एक जुना समज अजून टिकून आहे. ॲरेवर पार्टिशन पाडता येत नाहीत. म्हणून आधी प्रत्येक डिस्कचे तुकडे करा आणि रूट, स्वॅप, होम यांचे वेगवेगळे ॲरे बांधा. एकेकाळी यात तथ्य होतं. पार्टिशन हवी असतील तर ‘एमडी_डी०’ अशा नावाचा, वेगळ्या मेजर नंबरचा ॲरे मुद्दाम बनवावा लागे. डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या २.६.२८ कर्नलपासून हा भेद संपला. आता कोणत्याही एमडी ॲरेवर पार्टिशन टेबल लिहिलं की ‘एमडी०पी१’, ‘एमडी०पी२’ दिसू लागतात. याचं मोल डिस्क मेल्यावर कळतं. चार ॲरे असतील तर नव्या डिस्कचे चार तुकडे चार ठिकाणी जोडत बसावं लागतं. एकाच ॲरेवर पार्टिशन असतील तर हे काम एकदाच.

‘मेटाडेटाची आवृत्ती कोणतीही चालते’ हा समज मात्र फार महाग पडतो. १.२ मध्ये सुपरब्लॉक सुरुवातीपासून ४ केबीवर असतो आणि डेटा त्याच्या पुढे सरकतो. त्यामुळे ॲरेच्या आतलं पार्टिशन टेबल बायोसला दिसतच नाही. १.० मध्ये सुपरब्लॉक शेवटी असतो, म्हणून रेड १ मधली प्रत्येक डिस्क साध्या डिस्कसारखी वाचता येते. पण याच सोयीत धोका आहे. एखादी डिस्क ॲरेबाहेर सुटी माउंट होऊन तिच्यावर काही लिहिलं गेलं, तर दोन प्रती फुटतात आणि एमडीला पत्ताही लागत नाही. म्हणून मी बूटसाठी १.० चा छोटा मिरर ठेवायला सांगेन आणि बाकी सगळं १.२ च्या एका मोठ्या ॲरेवर पार्टिशन पाडून.

पूर्ण डिस्क थेट ॲरेला दिली की काम सोपं होतं, असंही म्हणतात. पण तिच्यावर पार्टिशन टेबल नसल्याने दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम तिला कोरी समजून नव्याने तयार करायला विचारू शकते. एक ‘हो’ पुरेसा असतो.

ॲरे बनवल्यावर डिस्कांचं पहिलं सिंक संपेपर्यंत थांबायची गरज नाही, ॲरे लगेच वापरता येतो. रेड ५ मध्ये मात्र तोवर एकही डिस्क जाणं परवडत नाही. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे: चुकून पुसलेली फाइल सगळ्या डिस्कवरून एकाच क्षणी जाते.

रीबूटनंतर ‘एमडी०’ चा ‘एमडी१२७’ झाला, तर ॲरे बिघडला असं समजू नका. बहुतेक वेळा ॲरेची नोंद एमडीॲडमच्या कॉन्फिग फाइलमध्ये किंवा इनिटरॅमएफएसमध्ये पोचलेली नसते. नोंद करा, इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा आणि एफएसटॅबमध्ये यूयूआयडी लिहा.