खिशातली ७८ लाख धरणं

दूधगंगा नदीवर काळम्मावाडीचं धरण आहे. त्याची क्षमता सुमारे २५.४ टीएमसी, म्हणजे जवळपास ७२ हजार कोटी लिटर. एका लिटरचे २० हजार थेंब धरले, तर भरलेल्या धरणात १४४ कोटी कोटी थेंब होतात.

आता खिशातला मोबाइल घ्या. ५००० एमएएचची बॅटरी पूर्ण चार्ज होताना एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्या आहे ११ वर २२ शून्यं! एक इलेक्ट्रॉन म्हणजे एक थेंब मानला, तर तेवढ्या थेंबांनी काळम्मावाडीसारखी ७८ लाख धरणं भरतील. आणि त्यांच्या जोडीने बॅटरीच्या आत सरकणारं लिथियम भरतं जेमतेम १.३ ग्रॅम.

एवढा साठा गळत नाही का? गळतो. बंद करून ठेवलेल्या फोनची बॅटरी महिन्याला २ टक्के उतरते असं धरू. म्हणजे दर सेकंदाला पावणेनऊ कोटी कोटी इलेक्ट्रॉन जातात, दर साडेसोळा सेकंदांना एक अख्खं धरण रिकामं होतं! तरीही याच वेगाने सगळा साठा संपायला चार वर्षं लागतील. कॅमेऱ्यातले जुने निकेल-मेटल हायड्राइड सेल महिन्यात २० टक्केसुद्धा उतरत. ती गळती याच्या दहापट.

लिथियम बॅटरीतला बांध म्हणजे एक पापुद्रा. कारखान्यातल्या पहिल्याच चार्जिंगला तो बॅटरीतल्या ग्रॅफाइटवर तयार होतो. केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असलेला हा पापुद्रा लिथियमचे आयन जाऊ देतो, इलेक्ट्रॉन अडवतो. मात्र तो हळूहळू जाड होत जातो आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकतं.

किती थोडं? ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावरही ८० टक्के क्षमता उरते, हा बॅटरीचा नेहमीचा निकष. म्हणजे प्रत्येक वेळी लाखातले फक्त ४५ हिस्से जातात, ९९,९५५ हिस्से शाबूत राहतात. हीच घट दर वेळी शेकडा एक असती, तर ५०० चार्जिंगनंतर ५००० पैकी उरले असते अवघे ३३ एमएएच! युरोपीय संघाने तर जून २०२५ पासून नव्या स्मार्टफोनना ८०० चार्जिंगनंतरही ८० टक्के क्षमतेची अट घातली आहे.

या पापुद्र्याचा मोठा शत्रू उष्णता. बॅटरी पूर्ण भरलेली असताना तापली, तर नुकसान आणखी वाढतं. म्हणून फोन उन्हात, ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवर किंवा तापलेल्या पत्र्याखाली ठेवू नका. जास्त दिवस वापरायचा नसेल, तर निम्मा चार्ज करून बंद करा आणि गार जागी ठेवा.