आजींचा खांदेपालट!

माहीत आहे का? त्र्यंबकेश्वरात पडायला ब्रह्मगिरी चढावा लागत नाही. श्रावणी सोमवारची गर्दी, कुशावर्ताची एक ओली पायरी, बस्स! आजींनी हात टेकला की दणका थेट खांद्यात. उतारवयातल्या फ्रॅक्चरमध्ये खुबा आणि मनगटाच्या पाठोपाठ ब्राँझ मेडल दंडाच्या वरच्या टोकालाच. बायकांचं प्रमाण पुरुषांच्या दुपटीहून जास्त. (2027 मध्ये सिंहस्थ आहे. आजी, चपला चांगल्या ग्रिपच्या घ्या!)

मोडलं खांद्यात, पण निळंजांभळं कोपरापर्यंत! घाबरू नका, साकळलेलं रक्त खाली उतरतं.

लगेच ऑपरेशन? थांबा! बहुतेकांचं काम झोळी आणि व्यायामावर भागतं. ब्रिटनमध्ये 250 रुग्णांवर अभ्यास झाला, 2015 मध्ये निकाल आला. हाड सरकलेलं असूनही दोन वर्षांनी ऑपरेशनवाले आणि झोळीवाले जवळपास सारखेच!

पण हाडाचे तीन-चार तुकडे झाले तर? ठिसूळ हाडात स्क्रू नीट धरत नाही. मग कधीकधी एंट्री घेतो नवा सांधा.

जगातला पहिला कृत्रिम खांदा कधीचा असेल? 1893 चा! पॅरिसच्या ज्यूल पेआँ यांनी क्षयाने पोखरलेल्या खांद्यात रबर-प्लॅटिनमचा सांधा बसवला. बनवला कुणी? एका डेंटिस्टने! दोनेक वर्षांत जंतुसंसर्गामुळे तो काढावाही लागला.

आता खरी धमाल. खांदा म्हणजे उथळ बशीतला लाडू: दंडाकडे गोळा, पाठीच्या फऱ्याकडे बशी. 1985 मध्ये फ्रान्सच्या पॉल ग्रामों यांनी चक्क उलटापालट केली. गोळा फऱ्यावर, बशी दंडावर! हात उचलणारे आतले स्नायुबंध फाटले तरी बिघडत नाही, खांद्यावरचा जाडजूड डेल्टॉइड सगळा भार घेतो. नाव सरळसोट: रिव्हर्स शोल्डर. नॉर्वेतल्या 65 ते 85 वयाच्या रुग्णांमध्ये, वाईट तुटलेल्या खांद्याला प्लेटपेक्षा हाच सांधा सरस ठरला. 2020 चा निकाल आहे, शिळा नाही!

ऑपरेशननंतर काही आठवडे पुन्हा झोळी, मग फिजिओथेरपी. तिथे टंगळमंगळ केली तर महागडा सांधासुद्धा रुसतो. मेहनत घेतली तर अंबाडा अनेकींना जमतो, त्र्यंबकराजाला हातही जोडता येतात.

अवघड जातं ते हात पाठीमागे नेणं. म्हणजे नऊवारीचा कासोटा खोचायला सूनबाई लागणार!