काष्टीच्या शिवारातले पर्यावरणशास्त्र

श्रीगोंदा तालुक्यातील काष्टी सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. ढग बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच टाकतात. इकडे वर्षाकाठी सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो. तालुक्यातले उसाचे फड उभे आहेत ते घोड-कुकडीच्या कालव्यांवर आणि विहिरींवर.

काळ्या जमिनीत निचरा मंद असतो. पाटाचे पाणी गरजेहून जास्त दिले, की भूजल वर येते, केशाकर्षणाने पृष्ठभागापर्यंत चढते, उन्हाने त्याची वाफ होते आणि विरघळलेले क्षार मागे उरतात. वाफ्यात दिसणारी पांढरी पापडी ही त्याची खूण. ती सर्वांत आधी ओळखायला हवी, कारण क्षारपड जमीन पुन्हा पिकाऊ करणे फार खर्चाचे, वेळखाऊ काम आहे.

ऊसतोडणीनंतर शेतात उरलेले पाचट पेटवले, की त्यातला कर्ब आणि बहुतेक नत्र हवेत जातो. सरीत पसरले, तर ओल टिकते आणि कुजून खत होते.

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात मिथेन या हरितगृह वायूचा उगम दिसतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात सूक्ष्मजीव चारा आंबवतात आणि तयार झालेला मिथेन मुख्यतः ढेकरांतून बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापमानवाढ घडवतो. शेणातला मिथेन मात्र गोबरगॅसच्या टाकीत धरून स्वयंपाकाला वापरता येतो.